नाताळच्या जेवणाबाबत हरकती व सूचना

नाताळच्या दुपारी आमच्या घरी आठ माणसं जेवतात. म्हणजे सात जेवतात आणि आई वाढते. गेली चाळीस वर्षं हे असंच चालत आलेलं आहे आणि त्याबद्दल आजवर कुणाचीही लेखी तक्रार आलेली नाही.

यंदा नाताळला सहा आठवडे उरले असताना, एका रविवारी चहा गाळता गाळता आई म्हणाली, "या खेपेला मला तुमच्याबरोबर टेबलाशी बसून गरम गरम जेवायचंय. सोपंच करू. सूप, पाव, एक भाजलेली कोंबडी, बटाटे आणि केक. सगळं मधोमध ठेवायचं, ज्याने त्याने वाढून घ्यायचं."

आईने आमच्याकडे काही मागितल्याची ही बहुधा पहिलीच वेळ. आम्ही सगळे गहिवरलो. दादाचे तर डोळे भरून आले, आणि ते पुसण्याआधी त्याने कागद मागवला.

माझा हा थोरला भाऊ परवाना कार्यालयात बत्तीस वर्षं काढून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला आहे. त्याच्या कारकिर्दीत एकही परवाना चुकीच्या माणसाला मिळाला नाही, कारण तो कुणालाच मिळाला नाही. त्याने आईची इच्छा 'सूचना क्रमांक एक' म्हणून नोंदवून घेतली, पाच पदार्थांचा मसुदा तयार केला आणि फ्रिजच्या दारावर लावला. खाली लिहिलं : हरकती व सूचना पंधरा दिवसांत सादर कराव्यात. इतिवृत्त लिहायला मला बसवलं, कारण घरात त्यातल्या त्यात माझं अक्षर बरं आहे.

"अरे, पाचच तर पदार्थ आहेत," आई म्हणाली.

"असू देत. पाचामुखी परमेश्वर," दादा म्हणाला. "उद्या कुणी म्हणायला नको, मला विचारलं नाही."

एरवी आमच्या घरात कुणाची कशाला हरकत नसते. पुढ्यात येईल ते सगळे मुकाट्याने खातात आणि वर पुन्हा मागून घेतात. पण हरकती मागवल्यावर आपली एकही नसणं कमीपणाचं वाटतं. पंधरा दिवसांत फ्रिजचं दार कागदांनी झाकून गेलं आणि दूध काढायला आईला आधी दोन अर्ज बाजूला करावे लागू लागले.

मग रीतसर सुनावणी झाली. भाऊजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, रक्ताचा अहवाल जोडून मिठाला हरकत घेतली. बोलताना ते खारे दाणे खात होते, परंतु दाणे मसुद्यात नसल्यामुळे त्यांची दखल घेता येत नाही असं दादाने स्पष्ट केलं. वहिनींना कोंबडीची कातडी नको होती. त्यांच्या मुलीने मार्च महिन्यापासून प्राणिमात्र वर्ज्य केले आहेत. तिला कोंबडीच्या जागी जे काही मिळेल ते दिसायला कोंबडीसारखं हवं, लागायला कोंबडीसारखं हवं आणि त्यात तंगडीही हवी. ताईने केकमधल्या मैद्याला, साखरेला, लोण्याला आणि अंड्यांना हरकत घेतली.

"मग त्यात उरतं काय गं?" आईने विचारलं.

"तुझ्या हाताची चव," ताई म्हणाली.

माझ्या बायकोने लेखी दिलं की तिला काहीही चालेल. 'काहीही' या शब्दात काय काय येत नाही, याची तीन पानी यादी तिने सोबत जोडली होती. मी एक मासा लिहून घेतला. मला मासा फारसा आवडत नाही, पण सगळ्यांचं एवढं चाललेलं असताना आपलंच काही नसावं, हे बरं दिसेना.

कुणाचंही मन मोडायचं नाही, हे धोरण दादाने पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. त्यामुळे एकही पदार्थ रद्द न होता प्रत्येक हरकतीला 'पर्यायी व्यवस्था' मंजूर झाली. एका कोंबडीच्या चार झाल्या : कातडीची, बिनकातडीची, बिनमिठाची आणि बिनकोंबडीची. सुपाची तीन भांडी झाली, पावाचे चार प्रकार झाले, बटाट्यांचे सहा झाले आणि केक पाच. एवढं झाल्यावर माझा मासा कुणाला जड होणार होता? एकूण तेवीस पदार्थ भरले आणि ते करायला आमच्याकडे एक ओव्हन, चार बर्नरची शेगडी आणि एक आई होती.

आईने अंतिम यादी चष्मा लावून दोनदा वाचली. "आणि माझं बसायचं काय झालं?" तिने विचारलं.

"सूचना क्रमांक एक विचाराधीन आहे," दादा म्हणाला. त्याने ते मनापासून सांगितलं. फाईल त्याच्या उशाशीच असायची.

आईला मदत करायला उपसमितीही नेमली. या उपसमितीने स्वयंपाकघरात तीन बैठका घेतल्या. तीनही वेळा आईला शेगडीपर्यंत पोचता आलं नाही, तेव्हा एका जागी फार हात झाले की काम खोळंबतं असा अभिप्राय देऊन उपसमितीने स्वतःला बरखास्त केलं.

शेवटच्या आठवड्यात नवीच अडचण उभी राहिली. दादाने टेप लावून टेबल मोजलं. आठ ताटं आणि तेवीस भांडी त्यावर मावेनात. बाजूला दुसरं टेबल लावायला खोलीत जागा नव्हती. एका खुर्चीवर भांडी ठेवली तर मात्र सगळं बसत होतं. आता खुर्ची कुणाची, हा प्रश्न नाजूक होता. दादाने भावनेच्या आहारी न जाता निकष लावला : गेल्या चाळीस नाताळांत प्रत्येक सदस्य प्रत्यक्ष किती वेळ बसला. भाऊजी सरासरी दोन तास दहा मिनिटं बसले होते. आई चार मिनिटं, तीही कडेला टेकून. ठराव एकमताने मंजूर झाला. मीही हात वर केला, कारण माझा मासा त्याच खुर्चीवर यायचा होता.

नाताळच्या दिवशी आई पहाटे पाचपासून उभी होती. दुपारी एक वाजता आम्ही सातही जण नवे कपडे घालून टेबलाशी बसलो. तिने एकेक करून तेवीस भांडी आणून ठेवली, त्यातली सात तिच्याच खुर्चीवर. दादाने उभं राहून तिच्या आभाराचा ठराव मांडला. आम्ही टाळ्या वाजवल्या. अशी तोंडाला पानं पुसायला आमच्या घराइतकी तयारीची माणसं सापडायची नाहीत.

टाळ्या थांबेपर्यंत आई वाट पाहत उभी राहिली. मग तिने एप्रन सोडला, एक रिकामं ताट उचललं, स्वयंपाकघरात गेली आणि आतून कडी लावली. थोड्या वेळाने शेगडी पेटल्याचा आवाज आला, मग स्टूल ओढल्याचा.

दादाने दारावर हलकेच टकटक केली. "आई, हे काय? एकटीच जेवतेस?"

"गरमचं मी बघितलं," ती आतून म्हणाली. "बरोबरचं तुम्ही बघा."

आम्ही टेबलाकडे पाहिलं. वाढायचे चमचे आत राहिले होते. चारांतली कुठली कोंबडी बिनमिठाची आणि कुठली बिनकोंबडीची, हे फक्त तिला ठाऊक होतं. पुतणीने एक तुकडा हुंगून परत ठेवला. मला मनापासून लाज वाटली, इतकी की मी वही मिटली.

करायचं होतं ते तसं अगदीच साधं होतं. कुणीतरी उठून त्या खुर्चीवरची सात भांडी खाली ठेवायची आणि दार ठोठावून आईला हाताला धरून आणायचं. कुणीतरी उठायलाच हवं, यावर आमच्यात जराही मतभेद नव्हता. वहिनींनी ताईकडे पाहिलं, ताईने माझ्या बायकोकडे, तिने माझ्याकडे आणि मी दादाकडे. सगळी भांडी गार होईपर्यंत आम्ही असे एकमेकांकडे पाहत होतो.

तुम्ही आम्हाला हसताय, ते ठीकच आहे. पण परवा तुमच्याकडे जेवताना पाणी संपलं, तेव्हा टेबलावरून कोण उठलं होतं? आठवत नसेल तर तिलाच विचारा.