सुरंगाबाईंचें पालीचें गाणें व किल्लेदारांचा जबाब, याची बखर

श्रीगजवदन प्रसन्न. ज्याचे कान सुपाएवढे, ज्यानें सर्वांच्या घरचें सर्व ऐकिलें आणि कोणाचें कोणास सांगितलें नाहीं, त्या देवास नमन करून लेखणी धरिली. शके सतराशें चोवीस, दुंदुभीनाम संवत्सर, फाल्गुन मास. ते समयीं एक राज्य होतें. राज्याचें नांव लिहावें तर तेथील लोक बखरकारावरच गाणें रचितील, म्हणोन लिहीत नाहीं. राज्य धनधान्यें भरलेलें, शत्रू आळशी, पाऊस वेळचे वेळीं. सबब लोकांस दुसरें काम उरलें नाहीं आणि लहानथोर सारे गाणीं ऐकूं लागले. त्यांत सुरंगाबाई म्हणोन एक गाणारीण उदयास आली. तिचा लौकिक ऐसा जाहला कीं पाणके तिच्या चालीवर पखाली भरीत, आणि भटजी संकल्प सोडतां सोडतां तिचा ठेका धरीत, आणि बाई जैसा अंबाडा घालिती तैसा अंबाडा आठवड्याचे आंत साऱ्या राज्यांतील बायका घालीत, मग त्या अंबाड्यास केस पुरोत अथवा न पुरोत. बाईंच्या गाण्याचें मर्म एकच होतें. जें घरांत घडे तें बाई फडावर गात. त्यांचे पहिले यजमान नारोपंत वैद्य झोपेंत घोरत, तें बाईंनीं गाइलें; मग नारोपंत रोग्याची नाडी धरावयास बसले कीं रोगी मरणाचे दारांतही घोरून दाखवी, आणि वैद्यांनीं धंदा बुडाला म्हणोन फारकत घेतली. दुसरे यजमान सुभानजी शिलेदार मिशीस काजळ लावीत, तेंही बाईंनीं गाइलें; शिलेदारांनीं रागें मिशी काढिली, तों लोक बिनमिशीचा पाहून त्यांस अधिकच ओळखूं लागले, मग ते काशीस गेले ते गेलेच. दोन संसार मोडले आणि दोन गाणीं अमर जाहलीं, आणि लोकांस हा सौदा फार पसंत पडला.

त्या राज्यीं एक जुनी चाल होती, ती येथें सांगणें अवश्य. कोणीं फडावर कोणाची गोष्ट गाइली, तर ज्याची गोष्ट त्यास फडावर चढून त्याच चालींत एक कडवें उलट गाण्याचा हक्क असे. त्यास जबाब म्हणत. जबाब न दिल्यास गाणें जैसें गाइलें तैसें खरें ठरे. जबाब दिल्यास मात्र नियम कडक होता, कीं पुढें राज्यांत कोणींही, कोठेंही, तें गाणें जबाबावांचून गाऊं नये. सवाल तेथें जबाब, सावली तेथें झाड. नारोपंत व सुभानजी यांस सूर आणि सुतळी यांतील भेद ठाऊक नव्हता, म्हणोन दोघेही खालीं मान घालून बसले होते.

ऐशियांत बाईंनीं तिसरा पाट हैबतराव किल्लेदार यांशीं लाविला. हैबतराव म्हणजे दांडगा पुरुष, दारांतून जातांना खांदे तिरपे करावे लागत. आवाज ऐसा कीं माचीवरून हांक मारिली तर खालच्या गांवांतील म्हशी उठून उभ्या राहत. लोक म्हणाले, या गड्याचें काय गातील बाई, याच्यांत तर खोड कांहींच दिसत नाहीं. परंतु खोड होती. शंकेची पाल सर्वांच्याच मनांत चुकचुकते. किल्लेदारांस भय वाटे तें भिंतीवरच्या खऱ्या पालीचें. लग्नानंतर थोडक्याच दिवसांनीं, दिवेलागणीस, देवघराचे भिंतीवर एक पाल चुकचुकली, आणि तोफेच्या तोंडीं उभा राहिलेला हा मर्द एका उडींत कपड्यांच्या पेटीवर जाऊन उभा राहिला आणि तेथून उतरेना. बाईंनीं पदर खोंचिला, पालीवर वाडगा झांकिला, खालून ताट सरकविलें, पाल परसांत नेऊन सोडिली, आणि परत येऊन हात धुतले. हसल्या नाहींत. हैबतरावांचा जीव त्या क्षणीं त्यांचा जाहला. मग दोघें पेटीवरच बसलीं, आणि बाईंनींही आपली एक गोष्ट त्यांस सांगितली, जी पहिल्या दोघांसही ठाऊक नव्हती. ती कोणती, तें बखरकारास माहीत नाहीं, आणि माहीत असतें तरी या बखरीच्या आरंभीं ज्या देवास नमन केलें त्याची लाज होती.

पुढें दोन वर्षें सुखाचीं गेलीं, आणि तेथेंच घोटाळा जाहला. बाई सुखी, म्हणोन गाणें सुचेना. लोक म्हणूं लागले, बाईंचें चांगलें चाललें हें ऐकून आनंद आहे, पण आम्हीं आतां ऐकावें काय. अंबाडे सुटूं लागले. शेजारच्या पेठेंत एक नवी गाणारीण आपल्या सासूवर गात होती आणि तिकडे गर्दी लोटूं लागली. रंगपंचमीचा दरबारी फड जवळ आला, तेव्हां बाई एक दिवस हैबतरावांपुढें जेवणाचें ताट ठेवून, भाकरी मोडावयाच्या आधींच म्हणाल्या, पालीचें गाऊं काय. हैबतरावांचा हात भाकरीवर जागचे जागीं राहिला. ते म्हणाले, चंद्राचें गा, गडाचें गा, माझ्या उंचीचें गा. बाई म्हणाल्या, "अहो किल्लेदार, दुसऱ्याच्या घरचें कोठून आणूं? मला हें एकच घर. खोटें गाइलें तर पहिल्या कडव्यासच लोक शेंगा फोडूं लागतात." हैबतरावांनीं ताट किंचित् दूर सारिलें, आणि म्हणाले, "त्या सांजेस तुम्ही हसलां नाहीं, म्हणोन मीं लपविलें नाहीं. हसलां असतां तर मींही हसण्यावारी नेलें असतें, आणि आज खुशाल गा म्हणालों असतों." बाई म्हणाल्या, पाहतें. बायकोचें 'पाहतें' म्हणजे होकार नव्हे आणि नकारही नव्हे, हें जुन्या संसारी माणसास कळतें. हैबतराव नवे होते, त्यांनीं तो नकार धरिला आणि चार भाकरी अधिक खाल्ल्या.

तरी मनांत धाकधूक राहिलीच, म्हणोन त्यांनीं दरबारीं जाऊन, कोणाचें नांव न घेतां, प्रश्न घातला, कीं गाणारीनें आपलें घर गाण्यांत घालावें कीं न घालावें. दरबारास तेव्हां दुसरें काम नव्हतें, सबब चर्चा पेटली. प्रधान म्हणाले, घर गाण्यांत घालणें म्हणजे भिंतीच्या विटा काढून विकणें. पुढें राहावें कोठें. कोतवाल म्हणाले, बाई आपलें घर गाइल्या नाहींत तर आमचें गातील. तेव्हां त्यांचें त्यांनींच गावें यांत राज्याचें हित आहे. यावर अर्ध्या दरबाराच्या अंगावर कांटा आला आणि माना जोरानें हालूं लागल्या. मग पडद्याआडून राणीसाहेब बोलिल्या, कीं राग खरा, ताल खरा, पण आम्ही ऐकतों तें दुसऱ्याच्या घरीं भांडीं कशीं वाजतात तें कळावें म्हणोन. श्रीमंत सरकार यावर मोठ्यानें हसले, आणि राणीसाहेबांनीं पडद्याची कड किंचित् सारून त्यांजकडे पाहिलें, तेव्हां हसावयाचे थांबले. आणि निकाल रंगपंचमीनंतर पाहूं ऐसें ठरलें. जें काम गळ्याशीं आलें तें पुढें ढकलणें ही त्या दरबाराची जुनी विद्या होती.

रंगपंचमीस नदीच्या वाळूंत फड उभा राहिला. लाल, पिवळी, हिरवी ऐसी प्रजा लोटली, कोण सावकार आणि कोण सरदार हें रंगामुळें ओळखूं येईना. बाई उभ्या राहिल्या आणि गडावरच्या चांदण्याचें गाणें धरिलें. आवाज मधाचा, शब्द रेशमाचे. पण दुसऱ्या कडव्यास कोठेंतरी शेंग फुटली. मग दुसरी फुटली. मग वाळवंटभर शेंगा फुटूं लागल्या. पुढें बसलेली एक म्हातारी जांभई देऊन शेजारणीस मोठ्यानें म्हणाली, "गळा तोच आहे गं, पण हिच्या घरीं कांहीं होईनासं दिसतंय." हें बाईंनीं ऐकिलें. हैबतरावांनीं बाईंचा चेहरा पाहिला, आणि त्यांस अशी दया आली कीं क्षणभर त्यांसच वाटलें, गा बाई, काय वाटेल तें गा, पण ऐसी उभी राहूं नको. तोंच बाईंनीं डोळे मिटले, ढोलकीवाल्यास खूण केली, ठेका उडता जाहला, आणि बाई गाइल्या:

तोफेला ना भ्याला माझा, भाल्याला ना भ्याला गं,
पालीची चुकचुक ऐकून पेटीवर गेला गं.

मग जें जाहलें तें लेखणीनें लिहवत नाहीं. साऱ्या वाळवंटानें जिभा टाळूस लावून एकदम चुकचुक केली, ऐसी कीं नदीपलीकडचीं कुत्रीं उठलीं. लोक एकमेकांच्या खांद्यांवर चढले आणि म्हणाले, मी पेटीवर गेलों. श्रीमंत सरकार लोडावरून घसरले आणि हसत तेथेंच पडून राहिले. गडावरचा हवालदार, जो हैबतरावांस वाघ म्हणे, तो डोळ्यांस पाणी येईतों हसला, आणि मग धन्याकडे नजर जातांच त्यानें तें हसणें खोकल्यांत घालविलें. बाई चौथ्यांदा तेंच कडवें गात होत्या, त्यांचा अंबाडा सुटला होता, आणि गेल्या दोन वर्षांत इतक्या सुंदर त्या दिसल्या नव्हत्या, हें हैबतरावांस स्वतःच्या त्या अवस्थेंतही दिसलें, आणि त्याचेंच त्यांस अधिक लागलें.

भालदारानें पुकारिलें, कीं सवाल जाहला, जबाब आहे कोणाचा. पहिल्या पुकाऱ्यास लोक नुसते चुकचुकले. तेव्हां गर्दींतून नारोपंत वैद्य हैबतरावांजवळ सरकले आणि कानाशीं लागून म्हणाले, "रावसाहेब, तुम्हांस बाईंचें कांहींतरी ठाऊक असेलच. आम्हां तिघांचा मिळून एकच जबाब द्या." हैबतराव उठले. सारी सभा मागें वळली. ते खांदे तिरपे करीत फडावर चढले आणि बाईंच्या समोर उभे राहिले. बाईंनीं त्यांजकडे पाहिलें, आणि पेटीवर बसून आपण काय सांगितलें होतें तें त्यांस आठवलें, आणि रंगाखालून त्यांचा चेहरा पांढरा पडला. नुसती मान किंचित् हालली, नका, ऐसी. ढोलकी सुरू जाहली. हैबतरावांनीं तोंड उघडलें. सभेनें श्वास रोखिला. हैबतरावांनीं तोंड मिटलें. ढोलकी पुढें गेली. लोक आधीं हसले, मग एकमेकांस गप्प करूं लागले, मग आपोआप गप्प जाहले. तो दांडगा माणूस मिशीस रंग लागलेला, हात जोडून, ठेक्यावर उभा. आणि कडवें जितकें लांब तितका वेळ उभा राहून, बरोबर समेवर त्यानें बाईंस मुजरा केला आणि खालीं उतरला.

आतां हा जबाब कीं नव्हे, यावर तेथेंच वाद लागला. प्रधान म्हणाले, शब्द नाहीं तर जबाब कैसा. तेव्हां न्यायाधीश अनंतशास्त्री, जे इतका वेळ कोणास न दिसतां चुकचुकत होते, ते भानावर येऊन म्हणाले, कीं मनुष्य फडावर चढला, चालींत उभा राहिला, कडव्याचा पुरा वेळ घेतला आणि समेवर उतरला. गाणाऱ्यांतही इतकें सर्वांस साधत नाहीं. सबब जबाब पुरा. आणि नियम लागू जाहला, कीं राज्यांत जो कोणी पालीचें गाईल त्यानें पुढें एक कडवें मुकें ठेवावें, नुसती ढोलकी अथवा टाळी चालवावी, आणि मध्यें जो चुकचुकेल तो अडाणी समजावा.

संध्याकाळीं गडावर बाईंनीं पंच्यानें हैबतरावांच्या तोंडाचा रंग पुसतां पुसतां विचारिलें, "ओठांवर आलें होतें ना?" हैबतराव म्हणाले, आलें होतें. बाई म्हणाल्या, मग. हैबतराव म्हणाले, "मला गातां कुठें येतं." यावर बाई हसूं लागल्या, आणि हसतां हसतां रडूं लागल्या, आणि म्हणाल्या माझें चुकलें, आतां हें गाणें मी सोडतें. हैबतराव म्हणाले, "सुटायचं नाहीं. गाणं चांगलं झालंय, तेंच तर माझं दुखणं." आणि खरेंच, दुसऱ्या दिवसापासोन गडावरचा हवालदार धनी कचेरींत येण्यापूर्वीं केरसुणी घेऊन भिंती झाडूं लागला आणि कां झाडतों हें कोणास सांगेना.

गाणें राज्यभर पसरलें, आणि त्याबरोबर मुकें कडवेंही पसरलें. धोबी घाटावर धुणें हातांत धरून थांबत. पालखीचे भोई वाटेंत पाय रोवून उभे राहत आणि आंतले सरदार ओरडत. वऱ्हाड वाजत गाजत येई आणि मध्येंच मसणवटींतल्यासारखें गप्प होई. आणि त्या गप्प राहण्यांत जो तो आपल्या घरचें आठवूं लागला, कीं मला हिचें काय ठाऊक आहे आणि हिला माझें काय ठाऊक आहे. नवरे बायकांकडे पाहूं लागले, बायका नवऱ्यांकडे, आणि श्रीमंत सरकार राणीसाहेबांशीं फार अदबीनें वागूं लागले. जेथें सुरंगाबाई जात तेथें लोक पालीचेंच मागत, आणि बाईंस गावें लागे, आणि मग ढोलकी चाले आणि बाईंस त्या भर गर्दींत गाण्यावांचून, शब्दावांचून, लपावयास कांहीं नसतां उभें राहावें लागे. तेव्हां त्यांच्या तोंडावर जें येई तें पाहण्यास लोक गांवचे गांव मोडून येत. काय येई तें सारे पाहत, आणि तें काय होतें हें कोणास कधीं कळलें नाहीं.

सारांश, गाणारीनें घर गावें कीं न गावें याचा निकाल दरबारीं रंगपंचमीनंतर पाहूं म्हणोन ठरला होता, तो अद्याप पाहिला जात आहे. हैबतरावांनीं पुन्हा फडावर पाय ठेविला नाहीं. त्यांचा तो एकच जबाब, तोही न गाइलेला. आणि त्या राज्यांत इतका कान देऊन दुसरें कांहीं ऐकिलें गेलें नाहीं. ऐकिलें तितकें लिहिलें, उरलें तें ज्याचें त्याच्या घरीं सुखरूप असो.