फाटक्या कोपऱ्याचं कार्ड

दत्तोबा पोस्टमन पायरीशी उभा होता, पण वर येत नव्हता. एरवी तो थेट ओटीवर येऊन टेकायचा आणि टपालाच्या आधी पाणी मागायचा. आज त्यानं एक पोस्टकार्ड दोन बोटांच्या चिमटीत अंगापासून लांब धरलं होतं.

"माईसाब," तो हळू आवाजात म्हणाला, "जरा भाईर येता का?"

आत न्हाणीघरात चंद्रिका दहा महिन्यांच्या कुमुदला पायांवर घेऊन अंघोळ घालत होती. दत्तोबाचा हळू आवाज ऐकून तिच्या हातातला तांब्या जागीच थांबला. पंधरा दिवसांपूर्वी तिनं त्याला बजावून ठेवलं होतं, "तळेगावहून माझ्या नावाचं काही आलं, तर माझ्याच हातात द्यायचं. दुसऱ्या कुणाच्या नाही." तळेगावच्या नव्या मुलींच्या शाळेत तिनं शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज केला होता. लोणावळ्याच्या मालधक्क्यावर कारकून असलेल्या नवऱ्याला, अनंतला, ते ठाऊक होतं. सासूबाईंना, म्हणजे माईंना, नव्हतं.

कुमुदला पंच्यात गुंडाळून ती ओटीवर आली, तोवर माईंनी खांबाला धरून खाली बैठक मारली होती.

"दत्तोबा, माझ्या हातात द्या म्हटलं होतं ना?"

"वैनी, तुमी लेकुरवाळ्या. असलं कार्ड तुमच्या हातात कसं द्यायचं?" दत्तोबानं कार्ड पायरीवर ठेवलं आणि वर एक खडा ठेवला. "कोपरा फाटलाय. शिक्का तळेगावचा हाय."

कोपरा फाटलेलं पत्र म्हणजे कुणीतरी गेल्याची बातमी. ते घरात न्यायचं नाही, बाहेरच वाचायचं, फाडायचं आणि अंघोळीला जायचं. आणि तळेगावात माईंचं माणूस एकच, थोरली बहीण. गेल्या महिन्यात तिला दमा लागला होता.

"अक्का गेली!" माईंनी हंबरडा फोडला.

चंद्रिकेनं वाकून कार्ड उचललं. इंग्रजीत छापलेलं होतं. वर शाळेचं नाव, खाली तिचं नाव शाईनं, आणि मधे दोन ओळी. पहिलीत म्हटलं होतं, आपण गुरुवारी दुपारी दोन वाजता समितीपुढे हजर राहावे. दुसरीत म्हटलं होतं, आपल्या अर्जाचा विचार करता येत नाही, याबद्दल समिती दिलगीर आहे. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात सूचना होती, लागू नसेल ते खोडावे.

आणि कुणी काहीच खोडलं नव्हतं.

नकाराची पत्रं चंद्रिकेला नवी नव्हती. एका शाळेनं 'आपला अर्ज फायलीत ठेवला आहे' असं कळवलं होतं, तेव्हा अनंतनं तिला तीन आठवडे पटवलं होतं की टाकायचं असतं ते कुणी फायलीत ठेवत नाही. दुसरीनं 'योग्य वेळी कळवू' म्हटलं, त्यानंतर कुमुदचा जन्म झाला, बारसं झालं, दात आले, पण योग्य वेळ काही आली नाही. तरी त्या पत्रांत एकेकच गोष्ट होती. या शाळेनं एकाच कार्डात 'या' आणि 'येऊ नका' दोन्ही सांगितलं होतं. चंद्रिका बी. ए. ला तर्कशास्त्रात पहिली आली होती. तिनं कार्ड उलटं करून पाहिलं, उजेडाला धरून पाहिलं. तिचा चेहरा उतरत गेला, आणि माई तो चेहरा वाचत गेल्या.

"अक्काच ना गं?"

"नाही हो माई! अक्कांचं नावसुद्धा नाही यात."

"मग कुणाचं आहे?"

"माझं," चंद्रिका बोलून गेली.

"तुझं असणारच. इंग्रजी वाचणार तूच, म्हणून तुझ्या नावानं धाडलं. लिहिलंय काय ते सांग!"

"स्पष्ट काहीच नाही. होही आहे आणि नाहीही आहे."

"म्हणजे धुगधुगी आहे!" माई ताडकन उठल्या. "अगं, मग बघत काय राहिलीस? बाराची पॅसेंजर मिळेल!"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य चंद्रिकेच्या जिभेवर आलंही होतं. पण आज गुरुवार होता. दोन वाजता समिती तळेगावात बसणार होती, आणि सासूबाई स्वतः होऊन तिला तळेगावला नेत होत्या. "अक्का बऱ्याच असतील माई, माझं ऐका," एवढं मात्र ती गाडीत मळवली, कामशेत, वडगाव अशा प्रत्येक स्टेशनावर म्हणाली. दर वेळी तिचा कापरा आवाज ऐकून माई जास्तच रडत होत्या. त्यांचं रडणं ऐकून कामशेतला चढलेल्या दोन अनोळखी बायकाही डोळे पुसू लागल्या.

तळेगावला टांगा अक्कांच्या दारात थांबला, तेव्हा अक्का अंगणात बसून कावळ्यांना शिव्या देत सांडगे राखत होत्या.

माई टांग्यातच किंचाळल्या. त्यांना तसं रडताना पाहून अक्कांच्या हातातली काठी पडली.

"कोण गेलं गं?" अक्कांनी गळा काढला. "अनंता बरा आहे ना?"

"अनंताला काय झालंय? तू गेलीस ना!"

"मी? मला कुणी सांगितलं नाही ते!"

दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून आधी रडल्या, मग हसल्या, मग मेलं कोण हेच कळेना म्हणून पुन्हा काळजीत पडल्या. भिंतीवरचं घड्याळ पावणेदोन दाखवत होतं.

"मी पोस्टात जाऊन विचारून येते," असं म्हणत चंद्रिकेनं कुमुदला माईंच्या मांडीवर ठेवलं, केसांवरून पाण्याचा हात फिरवला आणि ती निघाली. शाळा चार घरं सोडून होती, पोस्ट उलट्या दिशेला.

शाळेत एका टेबलामागे अध्यक्ष आणि मुख्याध्यापिका बसले होते. उमेदवारांसाठी मांडलेल्या तिन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. चंद्रिका मधल्या खुर्चीत बसली आणि तिनं कार्ड पुढे केलं. दाराशी उभा असलेला कारकून, महिपती, कार्ड बघून कळवळला.

"बाई, तुमी कशापायी आला? ह्यो नकार हाय."

"नकार कुठं लिहिलाय?" चंद्रिकेनं विचारलं.

"कोपरा बगा की."

मुख्याध्यापिकांनी कार्ड हातात घेतलं. "महिपती, ओळ खोडायची सोडून कोपरा का फाडलास?"

"बाईसाब, एवढं झ्याक छापलेलं कार्ड खोडून घाण करायचं? वाईट बातमी व्हती, रीतीनं कोपरा फाडला. सात जणींचा फाडला."

अध्यक्षांनी कपाळावर हात मारला. "आणि ज्यांना बोलवायचं होतं, त्यांना काय केलंस?"

"तिगींचे कोपरे शाबूत ठिवले. नीट दिसत्यात."

"अरे, पण दोन्ही ओळी तशाच! त्यांनी आपल्याला नाकारलं असंच समजलं असेल!"

"कोपरा बगायचा सोडून त्या ओळी वाचत बसल्या तर मी काय करू, रावसाहेब?" महिपती म्हणाला.

मग चंद्रिका म्हणाली, "म्हणजे दहा जणींमधून तुमचं पत्र समजावून घ्यायला इथवर आले ती मी एकटीच. मला का नाकारलंत, तेवढं सांगा."

मुख्याध्यापिकांनी अर्ज काढला. "तुमची पात्रता चांगली आहे. पण अंगावरचं मूल आहे, असं तुम्हीच लिहिलंय. लोणावळ्याहून रोज यायचं म्हणजे मुलीला सांभाळणार कोण?"

हाच प्रश्न चंद्रिका पंधरा दिवस रात्रंदिवस स्वतःला विचारत होती. तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात दारातून कुमुदचं रडणं आत आलं. मागोमाग माई, आणि काठी टेकत अक्का.

"अक्कानं तुला इथं शिरताना पाहिलं. पोस्टात काय सांगितलं गं? पोर तुझ्यासाठी रडतेय!" माई म्हणाल्या. मग त्यांनी टेबल पाहिलं, खुर्च्या पाहिल्या, टेबलावरचं कार्ड पाहिलं. "हे काय?"

चंद्रिका उभी राहिली. "माई, मी इथं नोकरीसाठी अर्ज केला होता. तुम्हाला न सांगता. त्याचं उत्तर आहे हे. कुणी गेलेलं नाही."

"कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

माईंनी सुस्कारा टाकला आणि त्या रिकाम्या खुर्चीत मटकन बसल्या. सकाळपासून एका मरणाची तयारी केलेल्या माणसाला नोकरीची बातमी फार मोठी वाटत नाही. "एवढंच होय! मग मघाशीच नाही का सांगायचं? मी गाडीभर रडले."

"यांना घेतलं, तर मुलीचं काय, ते आम्ही विचारत होतो," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"त्यात विचारायचं काय?" अक्का म्हणाल्या. "माझं घर चार घरं पलीकडे. पोर माझ्याकडे, दूध पाजायला आई मधल्या सुट्टीत येईल. आणि ही माझी बहीण तिच्याबरोबर रोज गाडीनं येईल. मी मेल्याशिवाय यायची नाही म्हणून बसली होती!"

कुमुदला मांडीवर घेऊन माई अशा काही सावरून बसल्या, की जणू मुलाखत त्यांचीच चालली होती आणि ठीक चालली होती.

"निकाल कार्डानं कळवू," अध्यक्ष उठत म्हणाले.

सोमवारी दत्तोबा थेट ओटीवर आला, टेकला आणि त्यानं आधी पाणी मागितलं. चंद्रिका धावत बाहेर आली आणि कार्ड घेऊन वाचू लागली. पहिल्या ओळीत नेमणूक केल्याचं लिहिलं होतं. दुसऱ्या ओळीत समिती दिलगीर होती. खाली तीच मुंगीएवढी सूचना होती, आणि खोडलेलं काहीच नव्हतं.

ती पुन्हा वरून वाचायला लागली, तसं माईंनी कार्ड तिच्या हातातून काढून घेतलं आणि एकदाच वरच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथं हळदीकुंकवाची दोन बोटं ठसठशीत उमटली होती.

"दत्तोबा, नुसतं पाणी पिऊ नका, थांबा," माई आत वळत म्हणाल्या. "चंद्रिके, साखरेचा डबा काढ. आणि मला आता जरा इंग्रजी शिकव बाई. सगळी पत्रं मीच किती वाचायची?"