चॅटनूगात दोन गुंठे

लालासाहेब सुभेदारांचा एक गाल गुळगुळीत झाला होता आणि दुसरा अजून फेसात होता, तेवढ्यात विट्याहून हिंदुरावांचा फोन आला. उभी नोकरी तोफखान्यात गेल्यामुळे सुभेदारांना कमी ऐकू येई. ते फोन कधी कानाला लावत नसत. स्पीकर लावून तोंडासमोर धरत आणि परेड घेत असल्यासारखे बोलत. सुभेदारांच्या घरातलं कुठलंही गुपित कोरेगावात फार काळ टिकत नसे, ते याच कारणानं.

“सुभेदार, पोरानं न्यूजर्सी सोडली म्हणं?” हिंदुरावांचा आवाज सलूनभर झाला.

हिंदुराव म्हणजे होऊ घातलेले व्याही. विट्याचे गलाईवाले, सोनं गाळायचं दुकान तिकडे तमिळनाडूत, सेलमला. त्यांची अंकिता पुण्यात कंप्युटर कंपनीत होती. सुभेदारांच्या धैर्यशीलला मुली दाखवून दाखवून घर थकलं होतं, पण अंकिताशी बोलून झालं की पोरगं शीळ घालत होतं. गुरुवारी विटेकर होकार द्यायला येणार होते. हे स्थळ हातचं गेलं तर धैर्यशील अमेरिकेत जन्मभर मॅगी उकळत बसणार, अशी त्याच्या आईची, शालूबाईंची, खात्री होती. सुभेदारांना तर रात्रंदिवस तीच धास्ती होती.

“सोडली न्हाई, चांगली जागा मिळाली म्हणून बदलून गेला! चॅटनूगाला!” सुभेदार ओरडले.

“ह्ये कुठं आलं? मी समद्या पाव्हण्यात न्यूजर्सी सांगून बसलोय. आता असलं आडगाव सांगितलं तर लोकं म्हणतील, जावयाला कामावरनं काढलं.”

आडगाव हा शब्द सुभेदारांच्या जिव्हारी लागला. मागच्याच रविवारी धैर्यशील फोनवर म्हणाला होता की अमेरिकेत आता लहान शहरं झपाट्यानं वाढणार म्हणतात, मोठ्या शहरात घरभाडं परवडेना म्हणून लोक तिकडं निघालेत. सुभेदारांनी त्याला चार पदरचे शब्द जोडले.

“आडगाव? आवं पाव्हणं, पाच वर्सांत पुणं हुतंय त्याचं! माणसं तुटून पडल्यात! आमी तर दोन गुंठे धरूनबी ठेवलेत!”

हे शेवटचं वाक्य तोंडातून कसं निसटलं, ते सुभेदारांनाही कळलं नाही. पण त्यांचा तरी काय दोष? आपल्याकडे एखादं गाव वाढणार हे पटवून द्यायचा दुसरा मार्गच नाही. कारखाना येणार म्हणा, रस्ता होणार म्हणा, लोक नुसते हसतात. पण मी तिथं दोन गुंठे धरलेत म्हटलं, की ऐकणारा खुर्ची पुढं ओढतो. तसे हिंदुरावही ओढले गेले. “मंग ह्ये आधी सांगायचं की!” म्हणून त्यांनी खुशीत फोन ठेवला.

सलूनमधली कात्री मात्र थांबली होती. सलूनवाला प्रांजल सुभेदारांच्या अर्ध्या दाढीकडे आदरानं बघत होता. बाकावर बसलेल्या दोघांनी पेपर खाली ठेवला. एकजण दाढी न करताच उठून गेला, आणि तो कुठं गेला ते संध्याकाळी कळलं.

संध्याकाळी मौला आला. मौलाचं बाजारपेठेत पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं. सुभेदार पलटणीत जाताना जी पेटी घेऊन गेले, ती मौलाच्या वडिलांनी केलेली. तो आला आणि तोंड फिरवून कट्ट्यावर बसला.

“चहा घे की रं,” सुभेदार म्हणाले.

“नको. परक्याच्यात चहा कशाला प्यावा?”

“काय झालं गड्या?”

“अमेरिकेत प्लॉट पाडतुयास आन् मला परांजलच्या दुकानातनं कळतंय! माझ्या आसिफसाठी एक गुंठा ठेवला असतास तर तुझं काय जात हुतं?”

खरं सांगावं, असं सुभेदारांच्या अगदी ओठावर आलं होतं. पण खरं मौलाला सांगितलं की ते गुरुवारच्या आत विट्याला पोचणार, आणि मग स्थळ गेलंच. “बघू की,” ते म्हणाले. ‘बघू की’ याचा अर्थ कोरेगावात ‘ठेवलाय’ असा होतो. मौलानं ताबडतोब चहा मागितला.

बुधवारी सकाळी अंगणात इतकी माणसं जमली, की दूधवाला बाहेरूनच परतला. कुणी रिटायर मास्तर, कुणी ट्रॅक्टरवाला, कुणी लोणंदहून कांद्याची गाडी परस्पर वळवून आलेला. प्रश्न सगळ्यांचे एकच.

“सुभेदार, एन्ए झालंय का?”

“झालंय.”

“रोडटच?”

“दोन्ही बाजूनं.”

“पाण्याचं काय?”

“गावातनं नदी हाय. उन्हाळ्यातबी आटत न्हाई.” एवढं मात्र खरं होतं, धैर्यशीलनं नदीचा फोटो पाठवला होता.

“बायपास कुठनं जातुय?”

आता बायपास विचारल्यावर नुसतं बोलून भागत नाही. सुभेदारांनी खडू मागवला आणि अंगणातल्या फरशीवर नदी काढली, नदीपलीकडे डोंगर काढला, डोंगराच्या पायथ्यानं बायपास नेला. काढता काढता त्यांना हुरूप आला. तुळशीवृंदावनाजवळ त्यांनी विमानतळ टाकला. बाथरूमच्या बाजूला एमआयडीसी टाकली. “आन् ह्यो आपला धैर्यशील,” म्हणून त्यांनी बायपासला लागून एक चौकोन काढला, तर त्याच्या शेजारच्या जागेवर उभं राहण्यासाठी मास्तर आणि ट्रॅक्टरवाला यांच्यात चांगलीच ढकलाढकल झाली.

शालूबाई दारात उभ्या राहून हे बघत होत्या. “धा वर्सं झाली, म्हणतीय मागं एक खोली वाढवा. ती वाढत न्हाई,” त्या म्हणाल्या, “आन् अमेरिकेतलं गाव वाढवाय निघालेत!”

“अगं, गुरुवारपातूर गप बस. पोराच्या लग्नाचा प्रश्न हाय.”

“आवं, पर उद्या ही माणसं गुंठा मागतील तवा काय दाखवशिला? ही फरशी?”

सुभेदारांनी फरशीकडे पाहिलं. नकाशा झाला होता मात्र सुरेख.

गुरुवारी दुपारी ऊन उतरायच्या सुमाराला विटेकर आले. हिंदुराव, त्यांच्या पत्नी आणि अंकिता. अंगणात पाऊल ठेवायला जागा नव्हती. हिंदुरावांनी चप्पल काढली ती नेमकी विमानतळावर, आणि चार जणांनी “आवं, आवं!” करून ती उचलायला लावली. हिंदुरावांचा चेहरा फुलला. सोनं गाळणारा माणूस. गर्दी बघून गावाची किंमत करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

“सुभेदार, मानलं तुमाला,” ते सोफ्यावर बसत म्हणाले. “आमी सेलमला गेलो तवा तिथंबी कुत्रं भुंकाय नव्हतं. आता बघा. तसंच दिसतंय ह्ये.”

“तसंच? लय फुडं जाईल!” सुभेदार गरजले. “पाच वर्सांत पाय ठेवाय जागा मिळायची न्हाई. रस्त्यावर गाडीला गाडी! हिंजवडी काय करतीय त्याच्याफुडं!”

पोहे खाता खाता अंकितानं चमचा खाली ठेवला.

“काका, खरंच?”

“शंभर टक्के, बाळ!”

“मग माझं नाही जमायचं,” अंकिता म्हणाली.

घड्याळाची टिकटिक सुभेदारांनासुद्धा ऐकू आली.

“मी रोज हिंजवडीलाच जाते, काका,” ती शांतपणे म्हणाली. “जाताना दीड तास, येताना दोन. बसमध्ये जेवते, बसमध्येच झोपते. धैर्यशील म्हणाले होते, गाव लहान आहे, दहा मिनिटांत ऑफिस, संध्याकाळी नदीकाठी कुणी नसतं. तेवढ्यासाठी तर मी हो म्हणायला आले होते. पुन्हा हिंजवडीच करायची, तर सातासमुद्रापार कशाला जाऊ?”

 शीळ घालणारं पोरगं सुभेदारांच्या डोळ्यांसमोर आलं, त्याच्यासमोर मॅगीचं पातेलं आलं. पलटणीत त्यांनी बऱ्याच वेळा पिछेहाट पाहिली होती, पण इतक्या कमी वेळात कधी नाही.

“न्हाई वाढत!” ते ताडकन उभे राहिले. “अजाबात न्हाई! कोण म्हणतं वाढतंय? हाय तसंच ऱ्हाणार त्ये गाव!”

“आवं, आत्ताच म्हणलासा—” हिंदुराव.

“चेष्टा केली! बायपास न्हाई, एमआयडीसी न्हाई, इमानतळ तर मी खडूनं काढलाय!”

हे सगळं अर्थात नेहमीच्या आवाजात झालं. दारात गर्दी दाटली. सगळ्यात पुढे मौला.

“ऐकलं का रं?” मौला वळून लोकांना म्हणाला. “आता म्हणतुय वाढत न्हाई. कळलं का न्हाई कावा? समदं घरात ठेवायचंय ह्याला!”

“म्हंजे नक्की वाढणार,” मास्तर म्हणाले.

“सुभेदार, माजं एक न्हवं, चार गुंठं धरा!” ट्रॅक्टरवाला ओरडला.

“माजं पाच!”

“आरं, तिथं काय न्हाई रं!” सुभेदार कळवळून ओरडले. ते जितकं कळवळत, तितके मागून गुंठे वाढत. अंकिता त्या गर्दीकडे बघत होती आणि तिचा चेहरा आणखी पडत चालला होता. चॅटनूगाला निदान कोरेगावचेच एवढे लोक येणार, हे तिला आता स्वच्छ दिसत होतं.

शेवटी सुभेदारांनी फोन काढला. तिकडं नुकतं उजाडलं असणार. धैर्यशीलनं उचलला तेव्हा तोंडात ब्रश होता.

“आबा?”

“धैर्यशील, एका शब्दात सांग. तुजं गाव वाढणार का न्हाई?”

पलीकडे चूळ भरल्याचा आवाज आला. मग धैर्यशील सावधपणे म्हणाला, “कोण विचारतंय?”

“अंकिता.”

“मग अजिबात नाही वाढत म्हणून सांगा.”

“आन् हिंदुराव इचारत असतील तर?”

“मग लय वाढणार म्हणा! पाच वर्षांत पुणं!”

फोन अर्थातच स्पीकरवर होता. पहिल्यांदा अंकिताला हसू फुटलं. ती इतकी हसली की ठसका लागला, मग तिची आई हसली, मग शालूबाई, आणि मग दारातली गर्दीही, कशाला ते नीट न कळताच. हिंदुराव तेवढे गोरेमोरे झाले होते, पण मिशीत तेही हसत होतेच.

“धैर्यशील,” अंकिता फोनजवळ वाकून म्हणाली, “मी ऐकतेय. खरं काय ते सांगा.”

तिकडं नळ बंद झाला. “बाप रे. खरं कुणालाच माहीत नाही, अंकिता. वाढेल म्हणतात. पण काल संध्याकाळी तासभर खिडकीत उभा होतो. एक म्हातारी कुत्रं घेऊन गेली. तेच कुत्रं घेऊन परत आली. एवढाच ट्रॅफिक.”

अंकितानं आईकडं पाहिलं, वडिलांकडं पाहिलं, आणि मान डोलावली. शालूबाईंनी साखरेचा डबाच बाहेर आणला. सुभेदारांना भरून आलं. पलटणीत कधी पुसले नाहीत ते डोळे त्यांनी टॉवेलनं खसाखसा पुसले आणि साखरेची पहिली चिमूट, रुसलेला माणूस म्हणून, मौलाच्या तोंडात घातली.

“तोंड गोड केलंस, पर गुंठ्याचं इसरू नकोस,” मौला साखर चघळत म्हणाला.

हात धुवायच्या निमित्तानं हिंदुरावांनी सुभेदारांना मोरीजवळ गाठलं. “सुभेदार, आमच्या धंद्यात एक हाय. जागेचा मालक जागेला नावं ठेवाय लागला, की वळखायचं, माल चोख हाय. माजं दोन गुंठं धरा. पोरीला बोलू नका.”

“पाव्हणं, देवाशप्पथ सांगतो, तिथं माजं काय सुदीक न्हाई—”

“व्हय व्हय,” हिंदुराव डोळा घालत म्हणाले, “असंच सांगत ऱ्हावा समद्यास्नी.”

निघताना अंकिता पाया पडायला वाकली. सुभेदारांनी डोक्यावर हात ठेवला. ती उठली, इकडंतिकडं पाहिलं आणि, सुभेदारांना कमी ऐकू येतं हे लक्षात घेऊन, अगदी कानाशी आली.

“आबा,” ती म्हणाली. काकाचं आबा झालेलं ऐकून सुभेदारांचा जीव सुपाएवढा झाला. “यांच्या घराला लागून जमीन मिळेल का हो? चारी बाजूंनी?”

“आं? तुला बी? तू तर म्हणलीस—”

“बांधायची नाही, आबा. नुसती घेऊन ठेवायची. म्हणजे शेजारी कुणी येणार नाही.”

गाडी विट्याच्या रस्त्याला लागली. अंगणातली माणसं अजून हलली नव्हती. सुभेदार पायरीवर बसले आणि त्यांनी फोन लावला; आयुष्यात पहिल्यांदाच, स्पीकर बंद करून, कानाला घट्ट दाबून.

“धैर्यशील,” ते कुजबुजले, “तुमच्यात सातबारा कुठल्या हापिसात मिळतो रं?”