थेंबेकाकांनी जावयाचं पाणी तोडलं

त्या रविवारी सकाळी थेंबेकाकांनी ठरवलं, की आता तोंडाने काही बोलायचं नाही. सरळ गच्चीवर जायचं आणि जावयाचं पाणी तोडायचं.

थेंबेकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, ते इमारतीने ठेवलेलं. विमा कचेरीतला हा हेडक्लार्क एरवीही नाकाच्या शेंड्यावर राग घेऊनच वावरायचा. पण यंदा पावसाने दडी मारली, धरण तळाला गेलं, नळाला दिवसाआड पाणी येऊ लागलं आणि काकांच्या रागाला जणू सरकारी मंजुरीच मिळाली. जिन्यात भेटेल त्याला ते 'थेंबे थेंबे तळे साचे' ऐकवायचे. कुणाची गाडी धुतलेली दिसली की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. (ती विझवायलाही ते पाणी वापरत नसत, असं खालच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक म्हणायचे.) घरात माणशी अर्धी बादली असा कायदा होता. शॉवरची चावी त्यांनी सुतळीने करकचून बांधून टाकली होती. काकूंना केस धुवायचे असले तर आदल्या दिवशी कल्पना द्यावी लागे.

अशा घरात लेक आणि जावई आठवडाभर राहायला आले. काकूंनी कुणालाही न विचारता ती सुतळी कापली आणि नवऱ्याला बजावलं, की जावयाला आंघोळीवरून एक शब्द जरी बोललात तर गाठ माझ्याशी आहे.

काकांनी शब्द पाळला. जावयाला ते काही बोलले नाहीत. फक्त जावई समोर आला की वर्तमानपत्र उघडून धरणाची पातळी मोठ्याने वाचायचे. तो चहाला बसला की भिंतीकडे बघत म्हणायचे, की काही काही लोकांना पाणी म्हणजे बापजाद्यांची इस्टेट वाटते. जावई स्वभावाने गरीब. प्रत्येक वाक्याला मान डोलवायचा, चहा अर्धाच ठेवायचा, टॉवेल उचलायचा आणि बाथरूममध्ये शिरायचा. मग आतून शॉवरचा आवाज सुरू व्हायचा, तो थांबायचं नावच घ्यायचा नाही.

काका बाहेर पिंजऱ्यातल्या वाघासारखे येरझारा घालायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी जमिनीखालच्या पाण्यावर जास्त खुलासेवार बोलून पाहिलं, तर आवाज आणखी लांबला. जेवढं काका ऐकवत, तेवढा जावई आत राही. एवढी साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. संतापलेल्या माणसाची बेरीज-वजाबाकी कच्चीच असते.

रविवारी तर कहर झाला. दोन वर्तमानपत्रं वाचून झाली तरी आत धो धो चालूच.

"अगं, म्हशीसुद्धा एवढ्या डुंबत नाहीत," काका दातओठ खात म्हणाले.

"हळू बोला," काकू म्हणाल्या. "त्यांना ऐकू जाईल."

"ऐकू कसं जाईल? डोक्यावर धबधबा कोसळतोय ना."

आणि ते बनियन-पायजम्यावरच गच्चीवर गेले.

टाकीच्या बुडाशी चार नळ्या होत्या आणि चार व्हॉल्व्ह. कुठला कुणाचा हे प्लंबरने कधीकाळी रंगाने लिहून ठेवलं होतं, पण उन्हाने ते पार उडून गेलं होतं. काकांनी अंदाजाने पहिला बंद केला आणि कठड्यावरून वाकून आपल्या बाथरूमच्या खिडकीकडे कान लावला. आवाज चालूच. उलट खालून मुख्याध्यापक ओरडले, की डोळ्यांत साबण गेलाय, पाणी कुणी बंद केलं. शहाण्या माणसाने तो व्हॉल्व्ह पुन्हा उघडला असता. काकांनी विचार केला, एक चुकला म्हणजे उरले तीन. त्यांनी दुसरा फिरवला. रात्रपाळी करून आलेल्या नर्सबाई केसांना शाम्पू लावून बसल्या होत्या. त्यांनी खिडकीतून जे शब्द वापरले ते इस्पितळात शिकवत नसावेत. तिसरा फिरवला, तेव्हा कुणीच ओरडलं नाही. (तो काकांचा स्वतःचाच होता.) शॉवर मात्र धो धो चालूच.

आता काकांच्या डोळ्यांत रक्त उतरलं. उरलेला चौथा व्हॉल्व्ह गंजून घट्ट बसला होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, कठड्याला पाय लावला आणि आठवडाभर गिळलेला सगळा राग मनगटात आणून पिळला. व्हॉल्व्ह फिरला नाही. तो नळीच्या तुकड्यासकट त्यांच्या हातात आला.

पाण्याचा लोट सरळ छातीवर बसला. काकांनी भोक तळव्याने दाबलं, मग बनियन काढून कोंबलं, शेवटी त्याला पाठ लावून बसले. पाणी त्यांना वळसा घालून जिन्याने निघालं.

त्याच्या उलट दिशेने इमारत वर आली. पुढे एक डोळा मिटलेले मुख्याध्यापक, कमरेला टॉवेल. मागे डोक्यावर फेसाचा डोंगर घेऊन नर्सबाई. मग काकू, लेक आणि सगळ्यात शेवटी धावत आलेला जावई. अंगात इस्त्रीचा शर्ट, केस कोरडे, भांग नीट पाडलेला. आणि त्याच्या खिशात शॉवर चालू होता.

त्याने घाईघाईने मोबाईल काढून बंद केला.

"हे काय आहे?" काकांनी बसल्या जागेवरून विचारलं.

"रेकॉर्डिंग आहे, बाबा. आंघोळ मी अर्ध्या बादलीतच करतो."

"मग एवढा वेळ आत काय करता?"

उत्तर जावयाऐवजी लेकीने दिलं, तेही रागाने. "नुसता बसतो, बाबा. पाण्याचा आवाज येत असला की तुम्ही त्याला ऐकवायला येत नाही, म्हणून."

तेवढ्यात टाकीने शेवटची उचकी दिली. मुख्याध्यापकांनी उघड्या डोळ्याने गच्चीभर नजर फिरवली आणि ते म्हणाले, "साचलं हो तळं." कुणीही हसलं नाही. पाणी आता उद्याच येणार होतं, आणि आलं तरी टाकीला भगदाड होतंच. नर्सबाईंनी काकांना असं काही सुनावलं, की त्यांना पहिल्यांदाच समोरच्याचं बोलणं पूर्ण ऐकून घ्यावं लागलं. काकूंनी आवाज चढवला नाही. त्या इतक्या हळू बोलल्या की काकांच्या अंगावर काटा आला.

जावयाने मागच्या गल्लीतल्या बोअरिंगवरून कॅन भरभरून आणले. आधी मुख्याध्यापकांचा डोळा, मग नर्सबाईंचे केस. सगळ्यांचं झाल्यावर उरलेली अर्धी बादली त्याने गंजाने आणि चिखलाने माखलेल्या सासऱ्यासाठी आणली, आणि वर माफीही मागितली.

काका बाथरूममध्ये शिरले. बाहेरच्या खोलीत खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. पुढे काय करायचं हे ठरवायला सगळी इमारत त्यांच्याच घरात जमली होती, आणि प्रत्येकाला आधी काकांशीच बोलायचं होतं. काकांनी एक तांब्या घेतला, थांबले, दुसरा घेतला. बघता बघता बादलीचा तळ दिसला. अंग पुसून झालं, पायजमा चढवून झाला, तरी कडी काढायला हात धजेना. ते बादली उपडी करून तिच्यावर बसून राहिले.

बऱ्याच वेळाने दारावर टकटक झाली. मुख्याध्यापक होते.

"सावकाश होऊ द्या," ते म्हणाले. "आम्ही थांबतो. नाहीतरी आज घरी जाऊन कुणाला आंघोळ करायची आहे?"