एथिलाने मान मागे टाकली

राजघराण्यात मुली का असतात, याचं उत्तर सोपं आहे: वेळप्रसंगी लागतात. (मुलगेही लागतात, पण त्यांना आधी विचारतात.)

आमच्या ट्रॉयच्या लाओमेदोन राजाने समुद्रदेवाला दिलेला शब्द मोडला. देवाने राक्षस पाठवला. त्याने कोळी खाल्ले, तेव्हा राजवाड्याला घाई नव्हती. राजाचा घोडा खाल्ला, त्याच दुपारी कौल मागवण्यात आला. कौल आला: कातळावर राजकन्या बांधा.

निवड अत्यंत निःपक्षपातीपणे झाली. थोरली हेसिओने देखणी, लग्नाला आलेली, बाद. मधली छान विणते, बाद. उरली धाकटी, माझी मैत्रीण एथिला. ती काय करते, हे कुणालाच सांगता येईना. दहापैकी नऊ मंत्र्यांनी मंजुरी दिली. (दहावा तिचं नाव विचारत होता.)

आमच्याकडे बळीची संमती घेतात. बोकडाचीसुद्धा. डोक्यावर पाणी ओतायचं. मान खाली गेली तर 'हो', मागे गेली तर 'नाही'. आजवर तीनशे बारा बोकडांनी राजीखुशीने 'हो' म्हटलंय. (पाणी बर्फासारखं गार असतं, पण त्याचा इथे संबंध नाही.)

पुजाऱ्याने पाणी ओतलं. एथिलाने मान मागे टाकली. खाडकन!

"डोळ्यात गेलं असेल," राजा म्हणाला. "पुन्हा ओता."

पुन्हा मागे.

"अगं, चारचौघांत काय हे! लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, हिला जायचं नव्हतं. खरंच नाही जायचं, बाबा."

पुजारी चाचरला, "महाराज, नाही म्हणणारा बोकडसुद्धा परत पाठवावा लागतो."

"आजवर कुणी म्हणालाय?"

"नाही. पण नियम आहे."

मग सगळे हेसिओनेकडे वळले. वळणाची मुलगी! वडील समोर आले की मान खाली, हे लहानपणीच शिकवलेलं. पाणी आणावंच लागलं नाही. राजा नुसता "बाळ..." म्हणाला आणि संमती नोंदवली गेली. संस्कार म्हणतात ते हेच.

"ताई, वर बघ! अगं, वर बघ ना!" एथिला किंचाळली. चांगल्या घरच्या मुली किंचाळणाऱ्यांकडे बघत नाहीत.

आता हेसिओनेवर गाणी रचायला लांबलांबून कवी येतात. दारात एथिला उभी असते. "पोरी, जरा बाजूला हो," म्हणतात तिला.

आणि तुम्ही? मघापासून एथिलाची काळजी करत होतात. ती वाचली, धडधाकट समोर उभी आहे, तर तुमच्या ओठांवर एकच प्रश्न: राक्षस आल्यावर हेसिओनेचं काय झालं?

विचारा की. फक्त आधी एथिलाला बाजूला व्हायला सांगा.