पिपातला वाघ

"आजपासून फोन माया नोकर, मी त्याची मालकीण!"

रंजीतानं ताडोबाच्या जंगलाशेजारच्या मोहर्लीच्या चौकात जाहीर केलं. सारे हसले. हसणारच! दहावी अर्ध्यात सोडल्यापासून ह्या पोट्टीचा अंगठा रील्सवर असा फिरे, जसा घाण्याचा बैल. भाजी करपली, बकरी हरवली, तरी हिची मान वर नाई!

पण इंदुताईले पाह्यलं आन् सारं फिरलं. इंदुताई सफारीची गाईड. खाकी कपडे, डोये घारीचे. फोन तिच्यापाशीही होता, पण कामाचं बोलाले नाईतर पाखराचा आवाज भरून घ्याले तेवढा खिशाबाहेर येई. बाकी टाइम ती जंगल पाहे. पान हललं का सांगे, वारा हाय का रानडुक्कर! रंजीतानं अठरा पुरे झाल्याबरोबर गाईडच्या चाचणीले नाव देलं.

मग काय! रील्स उडवले, गेम उडवले. इंदुताईकडून जनावरांचे आवाज घेतले आन् एकेकाच्या नावाले एकेक रिंगटोन लावली. फोन वाजला का अभ्यास झाला! नथ्थूमामाले सांबर, मैत्रीण उर्वशीले चितळ. आन् इंदुताईले? वाघ! दुसरं काय शोभन?

"संध्याकाळी सहाच्या आत फोन करीन," इंदुताई म्हणे. "तू हो म्हटलं का उद्याच्या चाचणीच्या यादीत नाव. नाई उचलला तर जागा दुसऱ्या पोरीले."

दुपारपासून रंजीताचा हात खाजवून राह्यला होता. फोन पुन्हा पाहू नाई म्हणून तिनं तो बैलाच्या कोठ्यात नेऊन रिकाम्या पिपात टाकला. आवाज फुल्ल! वाजला का पयत जाऊ.

साडेपाचले ती हापशीवर गेली आन् कोठ्यात डरकाळी झाली. पत्र्याच्या पिपात अशी घुमली का वाघ कसला, वाघाचा आजा!

"कोठ्यात वाघ!" नथ्थूमामा बोंबलला.

काठ्या, थाळ्या घेऊन अख्खं गाव गोळा! रंजीता धावत आली, तर आईनं तिचा दंड धरला.

"सोड वं आई! मायाच फोन हाय आत!"

"ऐका! आत वाघ बसला आन् हिले फोन पाह्यजे!"

"अवं, तो वाघ मायासाठीच आला!"

"गेली कामातून," शेजारची रुखमाकाकू म्हणे. "फोननं डोस्कं खाल्लं पोट्टीचं!"

नथ्थूमामानं अक्कल लढवली. "फोन आतच हाय न? वाजवतो. वाघ भेईन, पळन!" त्यानं नंबर लावला. आतून सांबर ओरडला.

"अरे बाप! शिकार घेऊन आला!"

तिकडं उर्वशीले खबर लागली, तिनं घरून काळजीनं फोन केला. आतून चितळ!

"कोठा हाय का ताडोबा?" काकू किंचाळली.

रंजीताचं टाळकं सटकलं. सहाले पाच कमी. पुन्हा डरकाळी. आन् दोन माणसं तिले धरून!

तेवढ्यात स्कुटीवर इंदुताई आली, फोन कानाले लावूनच. पन्नास जणं एकदम सांगाले लागले. तिनं कोणाचंच ऐकलं नाई. दारातून बैलाकडे पाह्यलं. बैल मजेत रवंथ करून राह्यला होता.

"वाघ इतक्या जवळ असता तर ह्यानं दावं तोडलं असतं," ती म्हणे.

सारा गाव जंगलात वाढलेला, पण बैलाकडे एकानं पाह्यलं नव्हतं! इंदुताईनं फोनचं बटन दाबलं. डरकाळी. बंद केला. चूप. पुन्हा दाबलं. डरकाळी!

"रंजीता, मले वाघ लावला काय वं?"

"हो ताई." मान खाली.

"मंग उचल न! दोन मिनिटं हायेत."

रंजीता कोठ्यात धावली, पिपात तोंड घालून ओरडली, "हो ताई! येतो म्हणजे येतो!" इंदुताई दारातच उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणीआधी साऱ्यांचे फोन सफारीच्या गेटवर जमा झाले. जिप्सीत चाचणी घेणारे वनखात्याचे साहेब, इंदुताई, रंजीता. बांबूच्या बेटातून डरकाळी आली. ह्यावेळी खरी!

"आवाज कोणाचा?" साहेबानं हळूच इचारलं.

रंजीता रिकामा खिसा चाचपत ताडकन उभी राह्यली. "इंदुताईचा! उचलतो, ताई!"

साहेबानं गुणांचा कागद इंदुताईकडे सरकवला. तिनं हसू गिळत त्यावर लिहिलं, 'वाघ. बरोबर.' मग रंजीताच्या कानाशी वाकली.

"पास झाली तू. पण गेटवर गेल्याबरोबर मले मोर लाव!"