मंद आचेची चौकशी

बुद्धपौर्णिमेच्या सकाळी साडेदहाला प्रभावतीबाईंच्या शेगडीचा बर्नर तिसऱ्यांदा विझला. मोठी आच ठेवली की तो छान पेटायचा आणि मंद केला की जायचा. वर आठ लिटर दुधाचं पातेलं होतं. संध्याकाळी सहाला विहारात वंदना होती आणि वंदनेनंतरच्या खिरीचा मान यंदा पहिल्यांदाच त्यांच्याकडे आला होता. गेल्या वर्षी तो सोजरबाईंकडे होता आणि खीर खाली लागली होती. "मंद आचेवर ठेवली असती तर लागली नसती," असं प्रभावतीबाई तेव्हा चारचौघींत बोलून गेल्या होत्या. सोजरबाईंनी ते वर्षभर जपून ठेवलं होतं.

"अहो, शेगडी विझतेय," प्रभावतीबाई म्हणाल्या. तिथेच त्यांचं चुकलं.

साहेबराव चाकणच्या एका गिअरच्या कंपनीत एकतीस वर्षं क्वालिटीला होते. मार्चमध्ये निवृत्त झाल्यापासून चिंचवडचा टू-बीएचके हेच त्यांचं डिपार्टमेंट झालं होतं. डब्यांना लेबलं लागली होती. चपलांसाठी जमिनीवर पिवळ्या पट्ट्या आखल्या होत्या, आणि पट्टीबाहेर चप्पल दिसली की पाहुण्यांनाही समज मिळायची. पण न्यायाने सांगायचं तर एक काम त्यांनी फार चांगलं केलं होतं. स्वयंपाकघराच्या दाराच्या वर भिंतीला त्यांनी पंखा बसवला होता. प्रभावतीबाई तो लग्नापासून मागत होत्या. आदल्या रात्री जेवणं झाल्यावर तो पहिल्यांदा फिरला तेव्हा त्या दहा मिनिटं नुसत्या त्याच्यासमोर उभ्या होत्या. त्या रात्री त्यांनी पिवळ्या पट्ट्याही माफ करून टाकल्या.

"कशाला हात लावू नकोस," साहेबराव चष्मा पुसत आले. "आधी ट्रायल. आणि ट्रायल खऱ्या मालावर घेत नसतात. ते पातेलं बाजूला घे, इथं पाणी ठेव."

"अहो, सहाला खीर द्यायचीय."

"म्हणूनच सांगतोय. बाजूला घे."

प्रभावतीबाईंनी पातेलं बाजूला घेतलं.

साहेबरावांनी ओट्यावर कागद ठेवला, रकाने आखले. पंख्याच्या वाऱ्याने कागद उडाला. त्यांनी पंखा बंद केला, बर्नर पेटवला, मंद केला आणि घड्याळ लावलं. पाच मिनिटं ज्योत हलली नाही.

"फॉल्ट नाही," ते म्हणाले. जाता जाता बायकोचा घामाघूम चेहरा पाहून त्यांनी आठवणीने पंखा लावला. ते सोफ्यापर्यंत पोचायच्या आत बर्नर गेला.

ते परत आले. कागद उडू नये म्हणून पंखा बंद केला. बर्नर पेटला तो पेटलाच. ते गेले, पंखा लावून गेले. बर्नर विझला. मग तिन्ही बर्नर तपासले, तिन्हींची तीच तऱ्हा. त्यांनी रेग्युलेटर बदलला, सिलिंडर बदलला, पिनेने जेट साफ केले, नळीला साबणाचा फेस लावून पाहिला. दीड वाजेपर्यंत कागदावर चित्र स्पष्ट झालं होतं. साहेबरावांच्या हातून सात ट्रायल, एकदाही विझला नाही. प्रभावतीबाईंच्या हातून सात ट्रायल, सातही वेळा विझला.

"प्रभा, राग मानू नकोस," साहेबराव हलकेच म्हणाले, "पण हा शेगडीचा प्रॉब्लेम दिसत नाही."

"मग कोणाचा?"

साहेबरावांनी पुन्हा एकदा कागदावरून बोट फिरवलं. कंपनीत कारणाच्या रकान्यात 'माणसाची चूक' लिहिलेला रिपोर्ट त्यांनी एकतीस वर्षांत एकदाही मंजूर केला नव्हता. पण आकड्यांपुढे त्यांचंही चालेना.

तीनच्या सुमाराला हिंजवडीच्या ऑफिसातून मुलाचा, संघर्षचा फोन आला. सगळी हकीकत ऐकून तो म्हणाला, "बाबा, कागद ठेवा. मी विक्कीला पाठवतो." आणि त्याने शेगड्या दुरुस्त करणाऱ्या विक्कीला पाठवलं.

विक्की उन्हातून आला होता. साहेबरावांनी त्याला पाणी दिलं, पंखा लावून दिला आणि कागद समजावून सांगितला. विक्कीने 'हो काका, हो काका' करत बर्नर पेटवून मंद केला. ज्योत एका बाजूला कलली आणि गेली. विक्कीने ज्योतीच्या जागेकडे पाहिलं. मग मान वर करून दाराच्या वर पाहिलं.

"काका, हा तर—"

"विक्की," प्रभावतीबाई म्हणाल्या, "आधी बाल्कनीत हात धुऊन घे बघू."

हात स्वच्छ होते, तरी विक्की गेला. प्रभावतीबाई मागोमाग गेल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

"काकू, पंख्याचा वारा लागतोय."

"माहितेय मला. अकरापासून."

"मग सांगायचं ना काकांना."

"सांगितलं तर काय होईल? कारण सापडलं की ते मुळापासून काढून टाकतात. आज संध्याकाळी पंखा भिंतीवरून खाली." त्यांनी पदराने मान पुसली. "बत्तीस उन्हाळे मागितलाय रे मी तो."

तेवढ्यात शेजारच्या बाल्कनीतून शालनबाईंचा आवाज आला. शालनबाई इथल्या मूळ गावातल्या. शेतं जाऊन इमारती आल्या, तरी त्यांची बोली जागची हलली नव्हती.

"परभा, खीर आटत आली गं. जायफळ आत्ताच घालू का? आन् हालवून हालवून हात दुखाया लागलाय माजा."

विक्कीने एकदा त्या बाल्कनीकडे पाहिलं, एकदा काकूंकडे. पातेलं नेमकं किती बाजूला घेतलं होतं, ते त्याच्या लक्षात आलं.

तो आत आला. बर्नर उघडून साफ केल्यासारखं केलं आणि घसा खाकरला. "काका, तुमचा कागद बरोबर आहे. शेगडी ओके आहे. काकूंना जरा शिकवावं लागेल."

"काय शिकवायचं?"

"मी सांगितलंय त्यांना."

साहेबरावांनी जड मनाने पेन उचललं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'ऑपरेटरला ट्रेनिंग नाही.' मग कागद पुढे सरकवला. "इथं सही कर. वाईट वाटून घेऊ नकोस."

प्रभावतीबाईंनी पंख्याखाली उभं राहून सही केली. कागद उडू नये म्हणून विक्कीने एका कोपऱ्यावर बोट ठेवलं.

सहाच्या वंदनेला खीर वेळेवर पोचली. सोजरबाईंनी पहिली वाटी संपवली. दुसरी वाटी तळापर्यंत चमच्याने तपासली. शेवटी त्यांना विचारावंच लागलं, "कुठंच लागली नाही. एवढी मंद आच ठेवते तरी कशी गं तुझी शेगडी?"

प्रभावतीबाई उत्तर द्यायच्या आत साहेबराव पुढे झाले.

"शेगडीचं काही नसतं हो," ते म्हणाले. "ऑपरेटर ट्रेन करावा लागतो."

प्रभावतीबाईंनी नवऱ्याच्या वाटीत आणखी एक डाव खीर वाढली. घरी पंखा भिंतीवर होता.